मेदिचींचा वीकेंड

फ्लॉरेन्सला जाणारा प्रत्येक जण शहर पाहून परततो. पण ज्या घराण्याने हे शहर गाजवलं, ते मात्र संधी मिळाली की शहरातून पळ काढायचं. टस्कनीच्या टेकड्यांवरच्या त्यांच्या घरांची ही सैर.

शुक्रवारची संध्याकाळ. मेलबॉक्स ओसंडून वाहतोय, सोमवारचं प्रेझेंटेशन डोक्यावर बसलंय आणि मनात एकच विचार घोळतोय : शहराबाहेर आपलं एक छोटंसं घर असतं तर! चार झाडं, थोडी हिरवळ, आणि मोबाइलला रेंज नाही. बस्स, आणखी काय हवं?

ही इच्छा आपल्याला वाटते तेवढी मॉडर्न नाही बरं का. सहाशे वर्षांपूर्वी इटलीत, फ्लॉरेन्समधल्या एका बँकर कुटुंबाला नेमकं हेच वाटत होतं. फरक एवढाच, की त्यांच्याकडे पैसे होते. भरपूर होते.

हे कुटुंब म्हणजे मेदिची. १३९७ मध्ये जोव्हान्नी दी बिच्ची याने फ्लॉरेन्समध्ये बँक काढली. पुढे तिच्या शाखा रोम, व्हेनिस, मिलानपासून थेट ब्रूज आणि लंडनपर्यंत पसरल्या. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्या या घरातून पुढे राज्यकर्ते आले, पोप आले, फ्रान्सच्या राण्या आल्या. आणि या सगळ्या धबडग्यात त्यांनी शहराभोवतीच्या टेकड्यांवर घरं बांधली. एक नाही, दोन नाही, डझनांनी. त्यातले १२ व्हिला आणि २ बागा यांना युनेस्कोने २०१३ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

तरी गंमत बघा. उफीझीच्या दारात तासन्‌तास रांग लावणारी मंडळी या घरांकडे फारशी फिरकत नाहीत. म्हणजे आपल्यासाठी बरंच आहे की! गर्दी कमी, हवा छान, आणि मेदिची ही काय चीज होती, ते कळायला यापेक्षा चांगली जागा नाही. शहरातल्या राजवाड्यात माणूस जगाला दाखवायला राहतो. सुट्टीतल्या घरात तो थोडा तरी उघडा पडतो.

आधी गढी, मग घर

मेदिची मूळचे मुगेल्लोचे. फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडचं हे डोंगराळ खोरं. गावाकडची जमीन, तिथलं जुनं घर, शहरात चाललेला धंदा, ही सगळी गोष्ट आपल्याला चांगली ओळखीची वाटेल. जोव्हान्नीचा मुलगा कोसिमो याने मिकेलोत्झो या आर्किटेक्टला हाताशी धरलं आणि मुगेल्लोतली दोन घरं नव्याने बांधून काढली : त्रेब्बिओ आणि काफाज्जोलो.

ही घरं पाहिली की ‘व्हिला’ या शब्दाबरोबर डोळ्यांपुढे येणारं काहीच दिसत नाही. बुरूज आहेत, जाड भिंती आहेत, पहाऱ्यासाठी जागा आहेत. थोडक्यात, गढी. कारण उघड आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला शहराबाहेर राहायचं म्हणजे जिवाची काळजी घेऊनच राहायला हवं. १४३३ मध्ये विरोधकांनी कोसिमोला फ्लॉरेन्समधून हद्दपार केलं होतं. वर्षभरात तो परत आला आणि मग शहर त्याच्याच मुठीत राहिलं. पण असा अनुभव गाठीशी असलेला माणूस घराला खिडक्या जरा बेतानेच ठेवणार ना!

दोन्ही घरं खासगी मालकीची आहेत, त्यामुळे ती बाहेरूनच पाहायची तयारी ठेवा. पण त्यांच्यानंतर लगेच पुढचं घर पाहा, म्हणजे काय बदललं ते कळतं.

ते घर म्हणजे शहराच्या अगदी उंबरठ्यावरचं कारेज्जी. इथेही आर्किटेक्ट मिकेलोत्झोच. समोरची बाजू अजून गढीसारखी, पण मागच्या बाजूला बागेकडे उघडणारे हवेशीर सज्जे. कोसिमोला हे घर फार आवडायचं. गाउटने सांधे धरलेले, वय झालेलं, डोक्यावर बँक आणि शहर दोन्हींचा भार. अशा वेळी त्याने मार्सिलिओ फिचिनो नावाच्या एका तरुण विद्वानाला कारेज्जीजवळ एक घर दिलं आणि काम सोपवलं : प्लेटोचे ग्रीक ग्रंथ लॅटिनमध्ये आण. कोसिमोने त्याला पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. मी इथे शेत नांगरायला आलेलो नाही, मन नांगरायला आलोय, तू पुस्तक घेऊन ये, अशा अर्थाचं.

आजच्या भाषेत सांगायचं तर बॉसने वीकेंडला लॅपटॉप बंद करून वाचायला घेतलं. प्राचीन रोमन लोकांकडे यासाठी एक शब्द होता : ओतियुम. म्हणजे आळस नव्हे, तर कामातून काढलेला मनाचा वेळ. त्याच्या उलट तो नेगोतियुम, म्हणजे धंदा, व्यवहार. व्हिला ही सगळी कल्पनाच या ओतियुमसाठी. ते मेदिचींना कितपत जमलं, हाच खरा प्रश्न आहे.

कोसिमो १४६४ मध्ये कारेज्जीतच वारला. त्याचा नातू लोरेन्झो, ज्याला सगळं जग ‘द मॅग्निफिसंट’ म्हणून ओळखतं, तोही १४९२ च्या एप्रिलमध्ये इथेच गेला. अवघा ४३ वर्षांचा. त्याच्यावर उपचार करणारा एक डॉक्टर दुसऱ्या दिवशी विहिरीत मृत सापडला. आत्महत्या की खून, यावर आजही वाद आहे. एवढ्या निवांत घरातसुद्धा राजकारण काही पाठ सोडत नव्हतं.

नुसता व्ह्यू!

आता चला फिएझोलेला. फ्लॉरेन्सपासून बसने अर्ध्या तासाच्या आत. टेकडीच्या उतारावर कोसिमोच्या धाकट्या मुलाने, जोव्हान्नीने, १४५० च्या दशकात एक घर बांधलं. आणि त्या काळातल्या व्यवहारी लोकांनी डोक्याला हात लावला असणार. जागा अशी तिरपी की शेती होणं मुश्कील. उतार फोडून, भक्कम भिंती घालून जमीन सपाट करायची म्हणजे पाण्यासारखा पैसा. आणि हे सगळं कशासाठी? तर समोर दिसणाऱ्या दृश्यासाठी!

तोवर शहराबाहेरचं घर म्हणजे शेतावरचं घर, हे ठरलेलं होतं. तेल, वाइन, धान्य तिथून यायचं. घर स्वतःचा खर्च स्वतः काढायचं. फिएझोलेचं घर मुख्यतः पाहण्यासाठी आणि बसण्यासाठी होतं. बुरूज नाहीत, खंदक नाही. गच्चीसारख्या बागा, आणि खाली पसरलेलं फ्लॉरेन्स.

यावरून बापलेकांत झालेला एक संवाद सांगतात. जोव्हान्नी आपल्या व्ह्यूचं कौतुक करत होता. त्यावर कोसिमो म्हणाला म्हणे, मला काफाज्जोलोच बरं, कारण तिथल्या खिडकीतून दिसतं ते सगळं आपलं असतं.

पिढ्यांमधला फरक एका वाक्यात! बापाला सातबारा हवाय, मुलाला सनसेट. आजही घर बघायला गेल्यावर हीच चर्चा होते की नाही?

हे घरही खासगी आहे. बाग पाहायची असेल तर आधी विचारून परवानगी घ्यावी लागते. पण तोच व्ह्यू फिएझोलेच्या रस्त्यावरून फुकट मिळतो. संध्याकाळी जा.

बँक बुडतेय, घर उभं राहतंय

एकच व्हिला पाहायचा असेल तर तो पोज्जो आ काइआनोचा पाहा. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला, साधारण १७-१८ किलोमीटरवर. लोरेन्झोने १४७४ मध्ये इथली जमीन घेतली आणि १४८५ च्या सुमारास जुलियानो दा सांगाल्लो या आर्किटेक्टकडून बांधकाम सुरू केलं.

गेटमधून आत शिरलं की हिरवळीच्या पलीकडे, कमानींच्या चौथऱ्यावर उभं असलेलं एक पांढरं, सुटसुटीत घर दिसतं. आणि दर्शनी भागाच्या मधोमध चक्क ग्रीक-रोमन देवळाचं तोंड : खांब, त्यांवर त्रिकोणी माथा. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण जगभरच्या सरकारी इमारतींपासून बँकांपर्यंत सगळ्यांनी हे उचललंय. पण माणसाच्या राहत्या घराला देवळाचा दर्शनी भाग लावणं, ही तेव्हा भलतीच धाडसी गोष्ट होती. या कल्पनेचं श्रेय ज्याला सहज दिलं जातं, तो पल्लादिओ तेव्हा जन्मलाही नव्हता.

खांबांच्या वर निळ्या-पांढऱ्या चकचकीत मातीच्या मूर्तींची एक लांब पट्टी आहे. बाहेर दिसते ती नक्कल. मूळ पट्टी उन्हापावसापासून वाचवून घराच्या आत ठेवली आहे. ती शोधून पाहाच.

दोन्ही बाजूंनी वर जाणारे गोलाकार जिने मात्र लोरेन्झोचे नव्हेत. ते एकोणिसाव्या शतकातले. आधी इथे सरळ जिने होते.

या घराची खरी गंमत त्याच्या तारखांत आहे. लोरेन्झो कवी होता, रसिक होता, मुत्सद्दी होता. पण बँकर म्हणून आजोबांच्या पासंगालाही पुरत नव्हता. १४७८ मध्ये पाझ्झी कटात भर चर्चमध्ये त्याचा भाऊ जुलियानो मारला गेला, तो स्वतः थोडक्यात वाचला. त्याच सुमारास लंडन आणि ब्रूजच्या शाखा गाळात गेल्या. म्हणजे बँकेचे दिवे एकेक करून मालवत असताना हा माणूस गावात जमीन घेत होता, तुतीची झाडं लावत होता, गुरं पाळत होता आणि इटलीतलं सगळ्यात नव्या धर्तीचं घर बांधत होता.

याला हौस म्हणायचं की शहाणपण? जमिनीतला पैसा बुडत नाही, हा हिशेब त्यात नक्कीच असणार. १४९२ मध्ये तो गेला तेव्हा घर अर्धवट होतं. १४९४ मध्ये मेदिचींना फ्लॉरेन्समधून हाकललं गेलं आणि बँकही संपली. घर तेवढं टिकलं.

ते पुरं केलं लोरेन्झोच्या मुलाने. तोवर तो पोप लिओ दहावा झाला होता. पहिल्या मजल्यावरचा मोठा दिवाणखाना त्याच्याच नावाने ओळखला जातो. मधे एकही खांब नाही आणि वर अर्धगोल छत. एवढं मोठं छत टिकेल, यावर लोरेन्झोचा विश्वास बसेना, तेव्हा सांगाल्लोने फ्लॉरेन्समधल्या स्वतःच्या घरात तसंच छत बांधून दाखवलं, असं वजारीने लिहून ठेवलंय. क्लायंटला डेमो देण्याची प्रथा किती जुनी आहे बघा!

या भिंतींवर आंद्रेआ देल सार्तो, फ्रान्चाबिज्यो आणि पोन्तोर्मो यांनी चित्रं काढली. आंद्रेआच्या चित्रात सीझरला प्राण्यांची भेट दिली जातेय. विषय रोमन, पण इशारा घरचाच : १४८७ मध्ये इजिप्तच्या सुलतानाने लोरेन्झोला जे प्राणी भेट पाठवले, त्यात चक्क एक जिराफ होता.

पोन्तोर्मोचं चित्र मात्र वेगळंच आहे. गोल खिडकीच्या दोन्ही बाजूंना, बागेच्या कठड्यावर काही माणसं बसली आहेत. कथा रोमन देवांची, व्हर्तुम्नस आणि पोमोना, म्हणजे ऋतू आणि फळबागेची. पण देव कुठे दिसतच नाहीत. दिसतात ती उन्हात रेंगाळलेली गावची माणसं. एक म्हातारा, एक कुत्रं, पाय सोडून बसलेला एक पोरगा. कोणालाही कसलीच घाई नाही. या घराच्या मालकांना जे कधी धड जमलं नाही, ते त्यांच्या भिंतीवरची माणसं पाचशे वर्षं मजेत करताहेत.

विष की डास?

याच घरात १५८७ च्या ऑक्टोबरमध्ये एक भयंकर गोष्ट घडली. तोवर मेदिची टस्कनीचे ग्रँड ड्यूक झाले होते. ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को पहिला आणि त्याची बायको बियांका काप्पेल्लो इथे मुक्कामाला होते. बियांका आधी त्याची प्रेयसी होती. पहिली बायको वारल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याने तिच्याशी लग्न केलं, त्यामुळे बोलणाऱ्यांना विषय मिळालाच होता. दोघंही आजारी पडले आणि एका दिवसाच्या आत पाठोपाठ वारले. गादीवर आला भाऊ फेर्दिनान्दो. तोही तेव्हा याच घरात होता!

मग काय, संशय आलाच. फेर्दिनान्दोने विष घातलं, ही कथा चारशे वर्षं चालली. २००६ मध्ये काही संशोधकांनी आर्सेनिकच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं. २०१० मध्ये दुसऱ्या गटाने फ्रान्चेस्कोच्या हाडांत मलेरियाच्या जंतूंचा पुरावा दाखवला. भोवती दलदल आणि भातशेती असलेल्या या भागात मलेरिया ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आज पारडं मलेरियाकडे झुकतंय, पण वाद मिटलाय असं कोणी म्हणत नाही. बियांकाची दालनं आजही पाहता येतात. वरच्या मजल्यावर फळं, फुलं, भाज्या यांच्या चित्रांचं म्युझियम आहे, तेही चुकवू नका. बार्तोलोमेओ बिंबी या चित्रकाराने मेदिचींच्या बागांतली लिंबं, नासपती, चेरी यांची जातवार चित्रं काढली, प्रत्येकीच्या नावासकट. चित्रातला कॅटलॉगच म्हणा ना.

लिंबांच्या बागेत गोव्याचा मोगरा

फ्लॉरेन्सच्या वायव्येला, विमानतळापासून फार दूर नाही, कास्तेल्लोचा व्हिला आहे. घर दिसायला साधं. खरी करामत मागच्या बागेत.

१५३७ च्या जानेवारीत ड्यूक अलेस्सान्द्रोचा खून झाला आणि मेदिचींच्या दुसऱ्याच शाखेतला १७ वर्षांचा कोसिमो पहिला अचानक गादीवर आला. या पोराला आपण गुंडाळून ठेवू, असं बड्या लोकांना वाटत होतं. पोरगं भलतंच निघालं. १५३८ मध्ये त्याने निक्कोलो त्रिबोलो याला कास्तेल्लोची बाग आखायला सांगितली. चढत जाणारे टप्पे, रेखीव चौकोन, कारंजी, पुतळे. डोंगर आणि नद्यांचे पुतळे म्हणजे त्याचं राज्य. कारंज्यावर अँटियसला चिरडणारा हर्क्युलस म्हणजे अर्थातच तो स्वतः. फिरायला आलेल्या पाहुण्याने बाग पाहावी आणि जाताना आपण कोणाच्या घरी आलोय, हेही नीट समजून घ्यावं. पुढे युरोपभरच्या राजेलोकांनी ज्या बागांची नक्कल केली, त्यांतली ही एक पहिली.

मागच्या टोकाला एक कृत्रिम गुहा आहे. आत दगडाचे प्राणी : हरीण, उंट, गेंडा, आणि असे बरेच. जमिनीत लपवलेल्या नळ्यांतून अचानक पाणी उडायचं आणि नटूनथटून आलेले पाहुणे चिंब भिजायचे. यालाच मेदिचींची पार्टी म्हणत.

बोतिचेल्लीची ‘प्रिमाव्हेरा’ आणि ‘व्हीनसचा जन्म’ ही उफीझीतली दोन जगप्रसिद्ध चित्रं सोळाव्या शतकात याच घरात होती. आता घरात आहे ‘अकादेमिया देल्ला क्रुस्का’, १५८३ मध्ये स्थापन झालेली इटालियन भाषेची संस्था. तिने १६१२ मध्ये काढलेला शब्दकोश हा युरोपातल्या पहिल्या मोठ्या भाषाकोशांपैकी एक. क्रुस्का म्हणजे कोंडा. कोंडा पाखडून चांगलं पीठ ठेवायचं, हा त्यामागचा विचार.

बागेत मात्र लिंबांचं राज्य. पाचशेच्या आसपास मोठ्या कुंड्या आणि लिंबू, संत्री, महाळुंग यांच्या शंभरावर जाती. हिवाळ्यात सगळ्या कुंड्या मोठ्या काचबंद घरांत नेतात, वसंतात पुन्हा बाहेर काढतात. ‘बिझ्झारिया’ नावाचं एक अजब झाड आहे. एकाच फळात अर्धं आंबट संत्रं आणि अर्धं महाळुंग! सतराव्या शतकात ते मिळालं, मग नाहीसं झालं असं सगळे धरून चालले आणि १९८० च्या सुमारास ते पुन्हा सापडलं.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याला झाडांचं वेड. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने गोव्याहून एक फूल मिळवलं : गच्च पाकळ्यांचा, छोट्या गुलाबासारखा दिसणारा मोगरा. इटालियनमध्ये त्याला म्हणायला लागले ‘मुघेरिनो’. नावातच मोगरा ऐकू येतो की नाही? त्याला थंडी बाधू नये म्हणून कास्तेल्लोत खास उबदार घर बांधलं, ते आजही ‘स्तूफा देई मुघेरिनी’ म्हणून ओळखलं जातं. आणि जगभरच्या नर्सऱ्यांत ही जात विकली जाते ती ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ या नावाने.

बदल्यात गोव्याकडे काय आलं? तेही तुम्ही पाहिलं असेल, फक्त लक्षात आलं नसेल. जुन्या गोव्यात, बॉम जीझस बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो याच कोसिमो तिसऱ्याने दिलेला. शिल्पकार फोज्जीनी, फ्लॉरेन्सचा. १६९८ मध्ये तो गोव्यात उभा राहिला. इटलीला जायला जमेपर्यंत मेदिचींची एक वस्तू पाहायला पणजीची बस पुरे.

एका नजरेत सगळी घरं

कास्तेल्लोपासून चालत गेलं की ला पेत्राइया लागतो. मूळचा जुना बुरूज, त्याभोवती फेर्दिनान्दोने वाढवलेलं घर, आणि समोर उतरत जाणारी बाग. १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होतं, तेव्हा राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा याला हे घर आवडलं. त्याने मधल्या चौकावर लोखंड आणि काचेचं छप्पर घालून त्याची बॉलरूम केली. भिंतींवर मेदिचींचे पराक्रम, वर काच, मधोमध झुंबर. थोडं विचित्र आहे, पण भारी दिसतं.

इथे येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे जुस्तो उतेन्सची चित्रं. फेर्दिनान्दोने या फ्लेमिश चित्रकाराला आपले व्हिले रंगवायला सांगितले, १५९९ पासून पुढे. प्रत्येक घर उंचावरून पाहिल्यासारखं : अंगण, बाग, शेतं, तळी, माणसं, घोडे. ड्रोन शॉटच जणू! त्यातली १४ चित्रं आज पेत्राइयात आहेत. आधी चित्र पाहायचं आणि मग त्या घरी जायचं, हा खेळ मस्त आहे.

काही घरं तर आता या चित्रांतच उरली आहेत. प्रातोलिनोचंच घ्या. फ्रान्चेस्को पहिल्याने बियांकासाठी बुओन्तालेन्तीकडून हा व्हिला बांधून घेतला. पाण्यावर चालणाऱ्या बाहुल्या, गुहा, फवारे, असं हे सोळाव्या शतकातलं थीम पार्क. एकोणिसाव्या शतकात घर पाडलं गेलं. राहिला तो एका तळ्याकाठी ओणवा बसलेला जाम्बोलोन्याचा राक्षसी पुतळा : आपेन्नीन, म्हणजे डोंगर माणसाच्या रूपात. अंगावर शेवाळ, दाढीतून ओघळणारं पाणी आणि पोटात खोल्या. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण मुंगी वाटतो.

आर्तिमिनोचा व्हिला तर धुराड्यांसाठी प्रसिद्ध. छपरावर नाना आकारांची इतकी धुराडी, की नावच पडलं ‘शंभर धुराड्यांचा व्हिला’. आजूबाजूला कार्मिन्यानोची वाइन. कोसिमो तिसऱ्याने १७१६ मध्येच फर्मान काढून या वाइनच्या प्रदेशाच्या सीमा आखून दिल्या होत्या. चेर्रेतो गुइदीला विटांचे भव्य दुहेरी जिने, आणि कोसिमो पहिल्याची लाडकी मुलगी इझाबेल्ला हिची कहाणी. १५७६ मध्ये ती इथे अचानक वारली. नवऱ्याने गळा दाबला, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. काही इतिहासकार ते मानत नाहीत.

मग ही घरं कोणाची?

१७३७ मध्ये शेवटचा मेदिची ग्रँड ड्यूक जान गास्तोने मूल नसताना वारला. मागे उरली त्याची बहीण, आन्ना मारिया लुइझा. राज्य लोरेनच्या घराण्याकडे जाणार, हे ठरलेलं होतं. ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. पण तिने एक करार करून घेतला. मेदिचींनी जमवलेली चित्रं, पुतळे, पुस्तकं, रत्नं यांतलं काहीही फ्लॉरेन्सच्या राज्याबाहेर न्यायचं नाही. कारण? राज्याची शोभा, लोकांचा उपयोग, आणि परदेशी माणसांना इथे यावंसं वाटावं म्हणून.

म्हणजे या बाईने १७३७ मध्ये तुमचा-आमचा विचार करून ठेवला होता!

घरं मात्र हातोहाती फिरत गेली. लोरेनचे ड्यूक, मग इटलीचे राजे. १९१९ मध्ये कास्तेल्लो, पेत्राइया आणि पोज्जो आ काइआनो सरकारकडे आले आणि पुढे सगळ्यांसाठी उघडले. बाकीच्या घरांच्या वाटा निरनिराळ्या. पोज्जो इम्पेरिआलेत शाळा भरते, आर्तिमिनोत लोक लग्नं लावतात, सेरावेझ्झात म्युझियम आहे, प्रातोलिनोच्या हिरवळीवर फ्लॉरेन्सची कुटुंबं डबे घेऊन येतात.

मेदिचींना निवांतपणा हवा होता. त्यासाठी त्यांनी डोंगर फोडले, पाणी वळवलं, इटलीतले सर्वोत्तम कलाकार कामाला लावले. तरी कारेज्जीत निरोप येत राहिले, पोज्जो आ काइआनोत संशय येऊन बसला, कास्तेल्लोत कारंजंसुद्धा सत्तेची जाहिरात करत राहिलं. त्या घरांत खराखुरा निवांत बसतो तो तिकीट-नकाशा खिशात घालून आलेला आजचा पाहुणा. त्याला तिथलं काहीच सांभाळायचं नसतं.

कोसिमोचं म्हणणं होतं, खिडकीतून दिसतं ते आपलं असावं. त्याची सगळी जमीन गेली. जोव्हान्नीने पैसे ओतले ते नुसत्या व्ह्यूवर, आणि तो व्ह्यू अजून तिथेच आहे. ईएमआय नाही, मेंटेनन्स नाही. फिएझोलेच्या कठड्यावर बसा, आणि निदान तेवढा वेळ तरी फोन बॅगेत राहू द्या.

जाताय? मग हे वाचा

केव्हा : मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. कास्तेल्लोच्या लिंबांच्या कुंड्या मेपर्यंत बाहेर आलेल्या असतात. जुलै-ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्स तापतं. मेदिची उगाच पळत नव्हते.

पहिला दिवस : सकाळी पेत्राइया आणि कास्तेल्लो. दोन्ही शहराच्या सिटी बसच्या टप्प्यात, आणि एकमेकांपासून चालत जाण्याएवढे जवळ. दुपारी शहरात परत, संध्याकाळी बसने फिएझोले.

दुसरा दिवस : बसने पोज्जो आ काइआनो. तिथून आर्तिमिनो अगदी जवळ आहे, पण गाडी असेल तर सोपं. जेवण तिथेच उरका. चेर्रेतो गुइदी आणि मुगेल्लो करायचं असेल तर गाडी भाड्याने घ्याच, आणि इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथूनच काढून न्या.

शहराबाहेर जायला वेळच नसेल तर : पित्ती राजवाड्यामागची बोबोली बाग. युनेस्कोच्या यादीतल्या दोन बागांपैकी ही एक, आणि ती शहरातच आहे. दुसरी प्रातोलिनो, ती वर्षभर उघडी नसते.

लक्षात ठेवा : अनेक व्हिला आठवड्यातून एखाद्या दिवशी बंद असतात आणि आत ठरावीक वेळांनाच, गटाने सोडतात. वेळा आणि तिकिटाचे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी अधिकृत वेबसाइट पाहा. कारेज्जीला जाण्याआधी तर चौकशी हवीच. व्हिसा शेंगेन, अर्ज वेळेत करा. आणि बूट चालायचे घाला. टेकड्या आहेत, राजवाड्याचे गालिचे नाहीत.